मी बांधलेल्या केबली

तुमच्या नव्या सायकलीचा फोटो मिळाला. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, आणि त्याच्यापुढे हवेत आलेल्या केबलींच्या दोन मोठ्या कमानी. त्या गबाळ्या दिसतात, त्या आत दाबून नीट कशा बसवायच्या, असं तुम्ही आईला विचारलंत आणि ती म्हणाली, "ते आजीला विचारा." हे ती हसत म्हणाली की कशी, ते तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणून मी सगळंच लिहिते. केबली कशा बसवायच्या ते यात येईलच, पण आधी मी त्या एकदा कशा बसवल्या होत्या ते सांगायला हवं. माझ्या नीटनेटकेपणापायी तुमची आई कालव्याच्या पाण्यापासून हातभर अंतरावर पडली होती. आणि ती का पडली हे मी तिला तीन आठवडे सांगितलं नव्हतं.

तेव्हा आम्ही वोल्फ्सबुर्गला राहत होतो. नवं शतक सुरू होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. तुमची आई एकोणीस वर्षांची, ब्राउनश्वाइगच्या विद्यापीठात पहिल्या वर्षाला, रोज आगगाडीनं जाऊन-येऊन. तुमचे आजोबा मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होते. त्यांचं काम म्हणजे गाडीच्या पोटातल्या वायरी. डॅशबोर्डच्या मागून, सीटखालून, दारांच्या आतून वायरींचा जो जाड जुडगा फिरतो, तो कुठून न्यायचा आणि किती अंतरावर बांधायचा हे ते ठरवत. घरीही त्यांचं तेच. टीव्हीमागची, टेलिफोनची, दिव्याची एकेक वायर वीतभर अंतरावर काळ्या प्लॅस्टिकच्या पट्टीनं बांधलेली. त्या पट्टीला जर्मनमध्ये काबेलबिंडर म्हणतात. एक टोक दुसऱ्यातून ओवून ओढलं की कर्र असा आवाज होतो, आणि मग ती कापल्याशिवाय सुटत नाही. "लोंबणारी वायर घासते आणि घासलेली वायर पेट घेते," असं ते म्हणत. आमच्या लग्नापासून मी हे ऐकत आले होते आणि मला ते पटायचं, कारण मी मूळचीच तशी.

नागपूरच्या आमच्या वस्तीतून कॉन्व्हेंटच्या शाळेत जाणारी मी पहिली मुलगी. वडील रोज सकाळी माझी वेणी, बूट आणि वह्यांची कव्हरं तपासत. "आपल्याकडे बोट दाखवायला कुणाला जागा मिळता कामा नये," असं ते म्हणत. कुणाला म्हणजे कुणाला, हे मला आठवीत गेल्यावर समजलं. नंतर मी इंग्रजीची शिक्षिका झाले, लग्न झालं, परदेशात आले, पण ती सकाळची तपासणी माझ्या आत चालूच राहिली. जर्मनीत तिला जागाही चांगली मिळाली. आमच्या इमारतीत ज्याची जिना पुसायची पाळी असे त्याच्या दाराला एक लाकडी पाटी अडकवत. आमच्या आठवड्यात जिना सर्वांत स्वच्छ असतो, असं खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंनी एकदा मला म्हटलं होतं. ते वाक्य मी वडिलांना पत्रातून कळवलं होतं.

तुमच्या आईनं ती सायकल सप्टेंबरात आणली. विद्यापीठातल्या कुणा मुलाची जुनी, पातळ चाकांची, निळी. ब्रेकच्या मुठींतच गिअरही होते. त्या काळच्या अशा मुठींमधून गिअरची केबल आतल्या अंगानं आडवी बाहेर येई, हवेत कमान घेई आणि मग खाली फ्रेमच्या नळीकडे जाई. दोन बाजूंच्या दोन कमानी, कपडे वाळत घालायच्या दोरीसारख्या. आजोबांनी ती सायकल पाहिलीही नव्हती. त्यांच्या आईचं, म्हणजे तुमच्या पणजीचं, खुब्याचं ऑपरेशन होतं म्हणून ते नागपूरला गेले होते.

मला ती सायकल नको होती. हे आज स्पष्ट लिहिते, कारण पुढे त्याचा संबंध येतो. वोल्फ्सबुर्गच्या मधून एक सरळसोट कालवा जातो. त्यातून कोळसा आणि खडी भरलेल्या लांबलचक बोटी जातात. ऑक्टोबरात सकाळी धुकं असतं, तेव्हा बोट दिसत नाही, फक्त तिचं इंजिन छातीत धडधडल्यासारखं ऐकू येतं. तुमच्या आईचा चार-पाच जणांचा एक गट होता, आणि ते रविवारी याच कालव्याच्या काठानं सायकली पळवत.

"काठाला कठडा नाही," मी म्हणाले होते.

"आई, मी काठावरून जाते. पाण्यातून नाही."

"धुक्यात काठ दिसतो का?"

"आल्झो, बरं तर, मग तू दिवा घेऊन माझ्यापुढे पळ."

असं बोलून ती हसली. मी हसले नाही.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मी तळघरातल्या सायकलींच्या खोलीत गेले, तर तिच्या सायकलीच्या हँडलला एक टाइप केलेली चिठ्ठी चिकटवलेली. मजकूर सभ्य होता. कृपया आपल्या सायकलीच्या लोंबत्या केबली आवराव्यात, त्या इतरांच्या सायकलींत अडकतात, सहकार्याबद्दल आभार. खाली सही नव्हती. मी ती तीनदा वाचली. मला आठवीतल्या मुलीसारखं वाटलं.

मी वर गेले. आजोबांच्या अवजारांच्या खणातून सहा पट्ट्या घेतल्या, एक स्टूल, एक फडकं आणि नेलकटर घेतलं, आणि पुन्हा खाली आले. सायकल भिंतीला टेकून दोन सायकलींच्या मधे उभी होती, पुढचं चाक अगदी सरळ. मी आधी केबली पुसल्या. मग दोन्ही कमानी खाली दाबून हँडलच्या मानेखाली, फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीला आवळल्या. तिथं दोन पट्ट्या लागल्या. मागे जी जास्तीची लांबी उरली ती ओढून खालच्या तिरक्या नळीला सरळ रेषेत बांधली, तिथं तीन. ब्रेकची केबलही वेगळी का लोंबावी, म्हणून तीही सहाव्या पट्टीत घेतली. प्रत्येक पट्टी कर्र करून शेवटपर्यंत ओढली आणि नेलकटरनं टोकं कापली. मग दोन पावलं मागे सरकून पाहिलं. इतकी सुबक सायकल त्या खोलीत दुसरी नव्हती. चिठ्ठी काढून मी तिची घडी केली आणि कोटाच्या खिशात ठेवली.

माझ्या हातून काय राहिलं ते सांगते. आजोबांच्या नियमाचा दुसरा अर्धा भाग होता. जिथं भाग हलतो, म्हणजे गाडीचं दार किंवा स्टिअरिंग, तिथं वायरीला पोट ठेवायचं. तो भाग शेवटपर्यंत फिरला तरी वायर ताणली जाणार नाही इतकं सैल. हे ते कारखान्यात रोज करत होते. घरी त्यांना ते सांगायची वेळच आली नाही, कारण आमच्या घरातला टीव्ही आणि टेलिफोन कुठे हलत नव्हते. मी त्यांच्याकडून अर्धीच विद्या शिकले होते आणि ती पुरी आहे अशा समजुतीत होते.

रविवारी सकाळी आठला तुमची आई खाली गेली. मी तिला डबा द्यायला मागोमाग गेले.

"हे तू केलंस?" ती केबलींकडे बघत म्हणाली. "वॉव. दुकानातली वाटतेय."

"लोंबत होतं सगळं. लोक नावं ठेवतात."

"कोण लोक?"

"असतात."

तिनं सायकल बाहेर काढली. तळघराच्या दाराशी एक काटकोनातलं वळण आहे. एरवी ती हँडल वळवून चटकन बाहेर पडे. त्या दिवशी तिथं येऊन ती थोडी अडखळली, मग तिनं पुढचं चाक उचललं आणि सायकल अख्खी बाजूला ठेवून बाहेर नेली. मी हे पाहिलं. डबा पाठीवरच्या पिशवीत नीट राहील ना, एवढंच मी विचारलं.

"हो, हो, राहील," ती म्हणाली आणि धुक्यात गेली. रस्ता सरळ होता. सरळ रस्त्यावर सायकलचं हँडल किती कमी फिरतं ते तुम्ही कधी पाहा. वेगात असताना माणूस अंगानं वळतो. हँडल पुरतं वळवावं लागतं ते हळू जाताना, अरुंद जागेत.

ती कुठून कुठे जाणार हे मी तिच्याकडून कागदावर लिहून घेत असे. आधी गावांमधून मोठ्या रस्त्यानं, मग बागांमागच्या पुलावरून उतरून कालव्याच्या काठानं परत. पुलावर साधारण साडेदहा. तो कागद मी फ्रिजवर लावला होता.

दहाला नागपूरहून आजोबांचा फोन आला. पणजीबाई आता काठी धरून चार पावलं चालतात, असं त्यांनी सांगितलं. मग मी माझं सांगितलं. मला शाबासकी हवी होती.

"अहो, तुमच्या पट्ट्या वापरल्या मी. तिच्या सायकलीच्या केबली बांधून टाकल्या. एकही लोंबत नाही."

"कुठल्या केबली?"

"गिअरच्या. ब्रेकची एक."

"कशाला बांधल्यास?"

"फ्रेमला. तुम्ही बांधता तशाच. चांगल्या घट्ट."

त्या वेळी परदेशच्या फोनवर बोलणं उशिरा पोचायचं, म्हणून मी थांबले. पण तसं नव्हतं.

"अगं," ते म्हणाले, "हँडल दोन्हीकडे पुरतं फिरवून पाहिलंस ना?"

मला तळघराचं दार दिसलं, आणि उचललेलं चाक.

"ती कुठेय?"

"गेली."

"फोन लाव तिला. आत्ता. ठेव हा."

तिचा मोबाइल पाठीवरच्या पिशवीत, डब्याखाली होता. मी नऊ वेळा लावला. नऊ वेळा तीच जर्मन बाई शांतपणे म्हणाली की सध्या संपर्क होऊ शकत नाही. आमच्या घरी गाडी होती, पण मला चालवता येत नव्हती. त्या गावात गाडी चालवता न येणारा माणूस म्हणजे पाय नसलेला माणूस. मी कोट आणि चपला घालून खाली धावले आणि म्हाताऱ्या बाईंची घंटी दाबली. त्या पंचाहत्तरीच्या होत्या. माझं जर्मन त्या वेळी इतकं तुटलं की मी फक्त सायकल, पूल आणि मुलगी एवढेच शब्द म्हटले. त्यांनी काही विचारलं नाही. पायातल्या सपाता बदलल्या, किल्ली घेतली.

"बसा. पट्टा लावा," त्या म्हणाल्या, आणि निघाल्या.

बाई गावातून अगदी नियमानं गाडी चालवत होत्या. प्रत्येक लाल दिव्याला थांबत होत्या, रविवारच्या रिकाम्या चौकातसुद्धा. मी घड्याळ बघत होते. कालवा जवळ आला तसं धुकं दाट झालं आणि पुढची काच पांढरी झाली. त्यांनी वायपर लावला. त्यानं काही फरक पडत नव्हता. मनातल्या मनात मी पुलावरून उतरणारी ती पायवाट पुन्हा पुन्हा पाहत होते. तिथून मी आजोबांबरोबर संध्याकाळी कितीतरी वेळा खाली उतरले होते. पुलावरून एक खडीची वाट उताराने खाली येते आणि पायथ्याशी एकदम उलटी वळते, केसाच्या पिनेसारखी. वळलं नाही तर पुढे चार पावलं गवत, मग मोठे दगड, मग पाणी.

आम्ही पोचलो तेव्हा दहा पस्तीस झाले होते. पुलाच्या कठड्याशी मी गाडीतून उतरले. खाली काही दिसत नव्हतं. बोटीचं इंजिन मात्र ऐकू येत होतं, जवळ, खालून कुठून तरी. आणि माणसांचे आवाज.

मी त्या वाटेनं खाली कशी गेले ते आठवत नाही. तुमची आई दगडांवर होती. अर्धी गवतात, अर्धी दगडांवर, उजवा हात पोटाशी धरलेला. तिच्या पायांपलीकडे, माझ्या हाताच्या लांबीइतक्या अंतरावर, काळं पाणी हलत होतं, कारण नुकतीच बोट गेली होती. सायकल तिच्या अंगावरून पुढे जाऊन दोन दगडांत अडकली होती. तिचं पुढचं चाक पाण्यावर होतं आणि अजून फिरत होतं.

ती शुद्धीत होती. मला पाहून म्हणाली, "आई, तू कशी आलीस?" आणि रडायला लागली.

गटातला सर्वांत मोठा, दाढीवाला मुलगा तिच्या शेजारी बसला होता. त्यानं रुग्णवाहिका बोलावली होती. तो मला समजावून सांगू लागला, अगदी हळुवारपणे. आम्ही सगळे वळलो, ही शेवटची होती, ही वळलीच नाही. सरळ गेली. नव्या लोकांना होतं असं. पाणी समोर दिसलं की हात गोठतात.

"गोठले का माझे हात?" तुमच्या आईनं त्याला विचारलं. "मी वळवत होते. मला वाटतं मी वळवत होते."

"तसंच वाटतं," तो म्हणाला. "मेंदू सांगतो, हात ऐकत नाहीत. गेनाऊ, अगदी असंच होतं."

ती माझ्याकडे बघत होती. त्या क्षणी तोंड उघडायला हवं होतं. मी तिच्या केसांतलं गवत काढलं.

कॉलरबोन मोडलं होतं आणि कपाळाला चार टाके पडले. रुग्णवाहिकेत माझ्यासाठी जागा होती, पण ती निघायच्या आधी कुणीतरी विचारलं, सायकलचं काय? म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, माझ्या गाडीत घाला. मुलांनी ती वर आणली. पुढचं चाक काढलं तरी मागच्या डिकीत ती बसेना, हँडल आडवं येत होतं. बाईंनी ते वळवायला धरलं. थोडं फिरलं आणि थांबलं. त्यांनी पुन्हा जोर लावला. मग त्यांनी वाकून त्या सहा पट्ट्यांकडे पाहिलं, आणि नंतर माझ्याकडे.

जर्मनीत प्रत्येक गाडीत प्रथमोपचाराची पेटी ठेवायचा कायदा आहे. बाईंची पेटी डिकीतच होती. मी ती उघडली. त्यात बँडेज कापायची कात्री असते, बोथट टोकाची. मुलं रुग्णवाहिकेपाशी होती. मी एकेक पट्टी कापली. आवळलेल्या केबली सुटून टणकन पुढे आल्या, पुन्हा पूर्वीच्या कमानी झाल्या. कापलेल्या पट्ट्या मी कोटाच्या खिशात टाकल्या. त्या खिशात ती चिठ्ठी अजून होती.

बाईंनी हँडल वळवलं. ते पुरतं फिरलं.

"आता वळतंय," त्या म्हणाल्या. एवढंच. डिकी बंद करून त्या गाडीत जाऊन बसल्या. तो प्रसंग त्यांनी पुढे कधीही काढला नाही, आणि जिन्यात भेटल्यावर माझ्याशी बोलणंही हळूहळू कमी केलं.

पुढचे दिवस घर फार शांत होतं. तुमची आई हात गळ्यात बांधून सोफ्यावर पडून राही. आजोबांनी त्याच दिवशी दुपारी फोन केला तेव्हा मी म्हणाले, "पडली, पण ठीक आहे, कॉलरबोन आहे." त्यांनी विचारलं, "कशामुळे?" मी म्हणाले, "वळणावर." त्यांनी पुढे विचारलं नाही. तुमची पणजी तिथं त्यांच्या आधारानं उभी होती.

आठवड्यानं तुमची आई म्हणाली, ती सायकल विकून टाक. मी बरं म्हणाले. आणि बाळांनो, माझ्या मनात काय आलं तेही लिहिते. मला सुटल्यासारखं वाटलं. आता रविवारी ती घरी असेल, असं वाटलं. हे मला हवं होतं आणि ते माझ्या हातून झालं होतं. त्या शनिवारी तळघरात स्टुलावर बसून पट्ट्या ओढताना माझ्या मनाच्या तळाशी काय होतं, हे मी तेव्हापासून स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं आहे. तिला इजा व्हावी असं नव्हतं, एवढं मी छातीठोकपणे सांगते. पण ज्या वस्तूवर जीव असतो ती माणूस बांधून झाल्यावर हलवून बघतो. मी ती हलवून पाहिली नाही.

मग तिनं मोटार शिकायचे तास रद्द केले. परीक्षा महिन्यावर आली होती, पैसे भरलेले होते. मी विचारलं, का?

"मी आयत्या वेळी गोठते," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "गाडीत अजून चार माणसं असतील."

"एकदा पडलीस म्हणून काय—"

"आई, माझे हात माझं ऐकत नाहीत. तू तिथं नव्हतीस."

रात्रीच्या भाजीसाठी ती डाव्या हातानं वाटाणे सोलत होती. थोड्या वेळानं ती थांबली आणि उजव्या हाताची बोटं उघडून-मिटून पाहू लागली, जणू ती दुसऱ्या कुणाची आहेत. ते मी पाहिलं आणि तरीही बोलले नाही. आणखी नऊ दिवस बोलले नाही.

आजोबा परत आले ते एका शुक्रवारी दुपारी. तुमच्या आईला भेटले, टाके पाहिले, तिची थट्टा केली. "काय, कालव्यात पोहायला गेली होतीस म्हणे. पोहायचे कपडे तरी न्यायचेस." ती हसली, थोडीशी. मग बॅग न उघडता ते खाली तळघरात गेले. वीस मिनिटांनी वर आले. मी स्वयंपाकघरात होते. त्यांनी दार लोटून घेतलं आणि ओट्यावर एक काळी पट्टी ठेवली, नुकतीच कापलेली.

"ही एक राहिली होती," ते म्हणाले. "नळीच्या खालच्या बाजूला."

मी पाच कापल्या होत्या. घाईत सहा मोजल्या होत्या. मोजण्यात माझी कधी चूक होत नाही.

"तिला काय सांगितलंयस?"

"काही नाही."

"तिला काय वाटतं?"

मी सांगितलं. मोटारीच्या तासांचंही सांगितलं. ते खुर्चीवर बसले.

"अहो, तिनं सायकल सोडली तर बरंच नाही का?" मी म्हणाले. "तो कालवा—"

"सायकल सोडू दे. मी काही म्हणणार नाही." ते हळू आवाजात बोलत होते. "पण तिचा हात शाबूत असताना ती तो पांगळा समजून जगतेय. तू तसं जगू देतेयस. मी सांगणार नाही. हे तूच सांगायचं. आज."

मी सांगितलं. सोफ्यासमोर खुर्ची ओढून बसले, ती चिठ्ठी आणि ती पट्टी तिच्या हातात दिली आणि क्रमानं सगळं सांगितलं, जसं वर लिहिलं आहे. तळघराचं दार, फोन, पेटीतली कात्री. तिनं मधे एकदाही अडवलं नाही.

मग तिनं विचारलं, "म्हणजे मी वळवत होते."

"हो."

"आणि तुला ते माहीत होतं. तिथं, दगडांवर. मी त्याला विचारत होते तेव्हा."

"हो."

"वाटाणे सोलत होते तेव्हापण?"

"हो."

ती उठली. आरडाओरडा झाला असता तर मला सोपं गेलं असतं. ती आजोबांना म्हणाली, "बाबा, चल खाली," आणि दोघं गेले. तिचा हात अजून गळ्यात होता.

त्यांनी काय केलं ते मला आजोबांकडून कळलं, आणि तेच तुम्हाला हवं आहे. जुन्या केबली टाकून दिल्या. नव्या कापण्याआधी हँडल आधी पूर्ण डावीकडे फिरवलं, मग पूर्ण उजवीकडे, आणि प्रत्येक वेळी मुठीपासून फ्रेमपर्यंत केबलीला लागेल तेवढी लांबी धरली. त्या दोन्हींत जी मोठी, तीच खरी. कमान येणारच. ती ओबडधोबड असू नये, गोल असावी, कुठे मुरडू नये. डावी केबल उजव्या बाजूनं आणि उजवी डाव्या बाजूनं फिरवून नेली की कमान थोडी मोठी पण सुरेख होते आणि फ्रेमला घासत नाही. पट्टी लावायचीच असेल तर दोन केबली एकमेकींना सैल बांधायच्या, फ्रेमला नाही. ब्रेकच्या आणि गिअरच्या केबलीचं बाहेरचं आवरण वेगळं असतं, ते एकमेकांच्या जागी वापरू नका. शेवटी हँडल पुन्हा दोन्हीकडे पुरतं फिरवायचं, सायकल उभी असताना, आणि ते कुणी दुसऱ्यानं केलं असं सांगितलं तरी स्वतः करायचं.

हे सगळं तुमच्या आईनं डाव्या हातानं केलं. आजोबांनी फक्त धरलं.

डिसेंबरात ती मोटारीच्या परीक्षेला बसली आणि पहिल्या खेपेत पास झाली. मार्चमध्ये ती पुन्हा कालव्यावर गेली. मला कळलं ते तिचे बूट चिखलानं भरलेले पाहून. आम्ही बोलत होतो, जेवत होतो, ती माझ्या वाढदिवसाला केक करत होती. लोकांना काही दिसलं नसतं. पण एप्रिलमध्ये एकदा मी तळघरात झाडायला गेले, तर निळ्या सायकलीला एक जाड कुलूप होतं. पुढचं चाक, फ्रेम आणि भिंतीतली कडी यांतून घातलेलं. इमारतीच्या बंद तळघरात, जिथं बाहेरचा कुणी येत नसे. खोलीतली दुसरी एकही सायकल कुलुपात नव्हती. किल्ली घरातल्या खुंटीवर नव्हती. मी ती शोधली नाही. मी तिच्या सायकलीभोवतीनं झाडलं आणि वर आले.